घरच्या घरी पाच फुटी काचेचा फिशटँक: मापं काढण्यापासून पाणी भरेपर्यंत

मोठा टँक स्वतः बनवायचा म्हटलं की सगळे पहिला प्रश्न विचारतात, काच किती एमएमची घेऊ? प्रश्न बरोबर आहे पण तो पहिला नाही. मी आतापर्यंत तीन मोठे टँक चिकटवलेत, त्यातला पहिला गळला, आणि काच पातळ होती म्हणून नाही गळला, मला धीर नव्हता म्हणून गळला. मोठ्या टँकचा जीव दोन गोष्टींत असतो, खालची बैठक आणि सिलिकॉनचा सांधा. काच त्यानंतर.

मला पाच फूट का लागला ते सांगतो, कारण मासा कुठला ठेवणार यावर माप ठरतं. मला डेनिसन बार्ब पाळायचे होते, दुकानात ज्याला मिस केरळ म्हणतात ते. लाल पट्टा, खाली काळा पट्टा, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या ओढ्यांमधला मासा. 2013 साली त्याची प्रजाती (जीनस) वेगळी करून नाव ठेवलं सह्याद्रिया, आपल्या डोंगराचं नाव, मला तर वाचून इतका आनंद झाला होता. हा मासा कळपाने राहतो, चार-पाच इंच तरी वाढतो आणि दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत असतो. दोन-अडीच फुटी टँकमध्ये त्याला ठेवणं म्हणजे त्याचे हाल. त्याचं नाव धोक्यात आलेल्या जातींमध्ये आहे, तेव्हा घेताना ओढ्यातून पकडलेला नको, ब्रीड केलेला आहे का विचारून घ्या.

तर आपलं माप 1500 मिमी लांब, 600 रुंद, 600 उंच. म्हणजे साधारण पाच बाय दोन बाय दोन फूट.

जागा आणि वजन

कागद घेऊन वजन मांडा. आतलं पाणी वरून पाच-साडेपाच सेंटीमीटर सोडून भरलं तर 450 लिटर, म्हणजे 450 किलो. काच 110 किलोच्या आसपास. वाळू-दगड 50, स्टँड 50. एकूण साडेसहाशे किलोच्या वर. आणि हे सगळं एक चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर बसणार. घरातल्या खोल्यांचा स्लॅब डिझाइन करताना आयएस 875 या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला 2 किलोन्यूटन म्हणजे 200 किलोच्या आसपास भार धरतात. याचा अर्थ टँक ठेवला की स्लॅब खाली येतो असं नाही, तो आकडा खोलीभर पसरलेल्या भाराचा आहे, पण खोलीच्या मधोमध ठेवायचा नाही हे नक्की. भिंतीलगत, जिथे खाली बीम जातोय तिथे, आणि शक्यतो कॉलमच्या जवळ. गॅलरीत अजिबात नाही, गॅलरीचा स्लॅब एकाच बाजूने धरलेला असतो. बिल्डिंग जुनी असेल, कुठे सळई दिसत असेल, छताला ओल असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, मग काचेची ऑर्डर द्या. तळमजला असेल तर निम्मी काळजी मिटली.

ऊन थेट पडेल अशी खिडकीसमोरची जागा टाळा, शेवाळ आवरत नाही. आणि जवळ नळ किंवा किमान पाइप पोचेल असं बाथरूम हवं, कारण दर आठवड्याला शंभरेक लिटर पाणी बदलायचंय, ते बादल्यांनी करायला सुरुवातीला हौस वाटते, दोन महिन्यांनी कंबर बोलायला लागते.

स्टँड

मी लोखंडी करतो, 40 बाय 40 चा एमएस चौकोनी पाइप, दोन एमएम जाडीचा. सहा पाय, चार कोपऱ्यात आणि दोन मध्ये, आणि मुख्य गोष्ट अशी की वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे, पायांच्या बाजूला वेल्ड केलेली नको. बाजूला केली की सगळं वजन वेल्डिंगवर लटकतं. वेल्डरला हे दोनदा सांगा, चित्र काढून द्या. उंची 75 सेंटीमीटर ठेवली तर खुर्चीवर बसून टँक डोळ्यासमोर येतो. रेड ऑक्साइडचे दोन हात, वर ऑइलपेंट, पाइपची उघडी तोंडं बंद करून घ्या नाहीतर आतून गंजतो.

वर 18 मिमीचा मरीन प्लाय, आयएस 710 चा शिक्का बघून. साधा कमर्शियल प्लाय वर्षभरात फुगतो. प्लायवर 10-12 मिमीचा थर्माकोल, कडक घनतेचा, मऊ भुसभुशीत नाही. हा थर्माकोल शोभेचा नाही. तळाच्या काचेखाली वाळूचा एक खडा जरी राहिला तरी साडेचारशे किलो पाणी त्या एका ठिपक्यावर काचेला रेटतं आणि तडा तिथून सुरू होतो. थर्माकोल तो खडा पोटात घेतो. तरीही अंथरण्याआधी प्लाय ओल्या फडक्याने पुसा आणि मग हाताचा तळवा फिरवून बघा, डोळ्याला न दिसलेलं हाताला लागतं.

लेव्हल आत्ताच करायची. पॅकिंग द्यायचं ते स्टँडच्या पायाखाली, टँकच्या तळाखाली कधीच नाही. स्पिरिट लेव्हल छोटी असेल तर लेव्हल पाइप वापरा, गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी, पाच फुटांवर तिच्याइतकं अचूक काही नाही. त्याशिवाय दोन्ही कर्ण टेपने मोजा, सारखे आले तर चौकट गुण्यात आहे.

काच

आता एमएमचा प्रश्न. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, टँक चार फूट असो की आठ, तळाशी दाब तेवढाच. पण लांबी वाढली की काच मधोमध जास्त वाकते, म्हणून दोन्ही बघावं लागतं. आपल्या मापाच्या पुढच्या काचेवर पाणी साधारण 200 किलोचा रेटा देतं, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. यासाठी 12 मिमी घ्या. दुकानात आठमध्ये बनवून देतो म्हणतील, काही आठचे टँक चालतातही, पण माझ्या घरात लहान मुलं त्याला टेकतात, मी नाही घेणार. सुतात बोलणारा काचवाला असेल तर बारा म्हणजे चार सूत.

काच साधी फ्लोट घ्यायची. टफन नको, कारण टफन काच नंतर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही आणि फुटली तर एका क्षणात अख्खी चुरा होते. साधी काच तडकते, गळते, पण धावपळ करायला वेळ देते. बजेट असेल तर फक्त पुढची काच एक्स्ट्रा क्लिअर घ्या, 12 मिमीच्या साध्या काचेला हिरवट झाक असते ती जाते आणि माशाचा लाल लालच दिसतो.

कटिंगची यादी अशी द्या, मिमीमध्येच, इंचात नको:

तळ: 1500 × 600, एक
पुढची आणि मागची: 1500 × 588, दोन
बाजूच्या: 573 × 588, दोन
ब्रेसिंगच्या (वरच्या बाजूला आतून आधार देणाऱ्या) लांब पट्ट्या: 1460 × 70, दोन
मधली आडवी पट्टी: 570 × 150, एक

चारही भिंती तळाच्या काचेवर उभ्या राहतात, आणि बाजूच्या काचा पुढच्या-मागच्याच्या मध्ये बसतात. 600 मधून दोन काचांचे 24 गेले आणि दोन सांध्यांच्या सिलिकॉनचे दीड-दीड मिमी गेले, राहिले 573. हे तीन मिमी विसरलात तर बाजूची काच घट्ट बसेल आणि सांध्यात सिलिकॉन राहणारच नाही.

सगळ्या कडा फ्लॅट पॉलिश करून घ्या आणि धार मारून, म्हणजे बोथट करून घ्या. पैसे थोडे वाढतात, पण चिकटवताना हात कापणार नाही आणि कडेवरच्या बारीक चिपांमधूनच पुढे तडे जातात. काच ताब्यात घेताना तिथेच टेपने मोजा, समोरासमोरच्या जोड्या एकमेकींना टेकवून उभ्या करा, एक मिमीपेक्षा जास्त फरक आला तर परत द्या. लाजायचं नाही. सम्पसाठी, म्हणजे टँकखाली ठेवायच्या फिल्टरच्या टाकीसाठी, भोक पाडायचं असेल तर ते याच टप्प्यावर, आणि काठापासून भोकाच्या व्यासाइतकं तरी अंतर सोडून. आणताना काच कायम उभी धरायची, आडवी उचलली की स्वतःच्या वजनाने मोडते. हातात जाड ग्लोव्हज, पायात बूट, चप्पल नको.

सिलिकॉन

अ‍ॅसिटिक क्युअर, शंभर टक्के सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो ते. बाथरूम-किचनसाठीचं अँटी-फंगल लिहिलेलं चुकूनही नको, त्यातलं बुरशीनाशक माशांना मारतं. ट्यूबवरची तारीख बघा, जुनी ट्यूब कधी वाळतच नाही. मला काळं आवडतं, सांधा स्वच्छ दिसतो आणि आत शेवाळ शिरलं तरी कळत नाही, पण पहिल्यांदा करत असाल तर ट्रान्सपरंट घ्या, त्यात हवेचा बुडबुडा राहिला तर दिसतो. 300 मिलीच्या चार ट्यूब पुरतात, हिशोबाने कमी लागतं पण ऐन वेळी संपलं तर सांधा अर्धवट राहतो.

एक गोष्ट मनात पक्की करा, ओलं सिलिकॉन वाळलेल्या सिलिकॉनला धड चिकटत नाही. ते काचेला चिकटतं. सगळी कामाची पद्धत या एका वाक्यावर उभी आहे.

चिकटवायचा दिवस

टँक शक्यतो स्टँडवरच, आहे त्या जागी चिकटवा. मी दुसरा टँक बाहेरच्या खोलीत जमिनीवर केला आणि मग 110 किलोचं ते धूड उचलायला शेजारचे चौघे बोलवावे लागले. खाली मार्बल असेल तर जुनी चादर आणि वर प्लास्टिक अंथरा, या सिलिकॉनच्या अ‍ॅसिडने मार्बलवर डाग पडतो. खिडक्या उघड्या पण पंखा बंद, पंख्याची धूळ सरळ काचेवर बसते.

आधी कोरडी रंगीत तालीम. तिघं जण लागतील. कोण मागची धरणार, कोण बाजूची, सिलिकॉनची गन कोणाच्या हातात, सगळं सिलिकॉनशिवाय एकदा उभं करून बघा आणि बाहेरून मार्करने खुणा करा. मग काचा उतरवून प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, सांध्याच्या रेषेपासून सहा मिमी सोडून. मग सफाई. अ‍ॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, नेलपॉलिश रिमूव्हर नाही कारण त्यात तेल असतं. एक फडकं ओलं, दुसरं कोरडं, आणि ओलं फिरवल्याबरोबर कोरडं फिरवायचं, वाळू दिलं तर घाण परत तिथेच बसते. यानंतर त्या कडेला बोट लावायचं नाही, कोणीही नाही, चहा देणाऱ्यानेसुद्धा नाही.

तळावर भिंतींच्या रेषेत टाइल्सच्या दुकानात मिळतात ते दीड मिमीचे प्लास्टिक स्पेसर थोड्या थोड्या अंतरावर ठेवा, प्लसच्या आकाराचे असतील तर पाय कापून. हे नसतील तर 12 मिमीची काच स्वतःच्या वजनाने सगळं सिलिकॉन बाहेर ढकलते आणि सांध्यात कागदाएवढा थर राहतो. स्पेसर कायमचे आतच राहतात, काही बिघडत नाही.

नोझल तिरकं कापा, पाच-सहा मिमीचं तोंड. मागच्या काचेच्या रेषेवर सलग एक धार, मध्ये न थांबता. थांबलात की तिथे बुडबुडा. मागची काच दोघांनी उचलून सरळ वरून खाली बसवायची, सरकवायची नाही. एकाने धरून ठेवायची. लगेच डावी बाजू, तळावर एक धार आणि मागच्या काचेच्या उभ्या रेषेवर एक धार, मग उजवी, आणि शेवटी पुढची, तिला तीन बाजूंनी सिलिकॉन. सिलिकॉनवर वर्तमानपत्राच्या कागदाएवढी पातळ साय यायला पाच ते दहा मिनिटं लागतात, पावसाळ्यात त्याहून कमी, कारण हे सिलिकॉन हवेतली ओल घेऊन वाळतं. म्हणून मे महिन्यातली भर दुपार नको आणि ज्या दिवशी धुवांधार पाऊस आहे तो दिवसही नको. बाहेरून रुंद टेपचे पट्टे कोपऱ्याकोपऱ्यावर ओढून लावा, वर चारही कोपऱ्यात गुण्या लावून बघा, कर्ण मोजा.

आता आतला फिलेट, म्हणजे आतल्या कोपऱ्यातली सिलिकॉनची गोलाई, त्याच बैठकीत, आधीचं ओलं असतानाच. कोपऱ्यात धार सोडायची आणि बोट एका दमात वरपासून खालपर्यंत. परत फिरवायचं नाही. पहिल्यांदा बोट फिरवलं की गुळगुळीत पन्हाळीसारखा आकार येतो, दुसऱ्यांदा फिरवलं की साय फाटते आणि ती जखम कायम दिसते. उभ्या कोपऱ्यात फिलेट वरून आठ सेंटीमीटर खालीच थांबवा, तिथे ब्रेसिंगची पट्टी येणार आहे. फिलेट झाला की साय यायच्या आत मास्किंग टेप काढा, हळू, सांध्यापासून बाहेरच्या दिशेला. टँक जागेवरच राहू द्या, चोवीस तास कोणी हात लावायचा नाही.

ब्रेसिंग

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. लांब पट्ट्या पुढच्या आणि मागच्या काचेला आतून, वरच्या काठापासून 30 मिमी खाली, आडव्या चिकटतात. त्या हवेत राहतील कशा? लाकडी टेकू कापून घ्या, तळापासून पट्टीच्या खालच्या बाजूपर्यंत 545 मिमीचे, प्रत्येक पट्टीला चार. टेकूवर पट्टी टेकवायची, कड काचेला सिलिकॉनने. दोन दिवसांनी मधली आडवी पट्टी या दोन्ही पट्ट्यांवर बसवायची, दोन्हीकडे सत्तर सत्तर मिमीचा आधार मिळतो. ही पट्टी पुढची-मागची काच एकमेकींकडे ओढून धरते, म्हणून मधली पट्टी नंतर बघू असं करू नका. वर झाकणाची काच बसायलाही याच पट्ट्या कामी येतात.

थांबणं

इथे माझा पहिला टँक गेला. सांधे हाताला कडक लागत होते, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी भरलं. रात्री झोपताना स्टँडच्या कडेला कोरडं वर्तमानपत्र पसरलं होतं. पहाटे उठून बघतो तर मागच्या डाव्या कोपऱ्याखाली हाताच्या पंजाएवढा कागद काळा पडलेला, आणि काचेला कान लावला तर काही ऐकू येत नव्हतं, पाणी नुसतं पाझरत होतं. सगळं पाणी काढून तो कोपरा ब्लेडने कापला. बाहेरून रबर, आणि आत सायीखालच्या दुधासारखं ओलं, वास तोच व्हिनेगरचा. सिलिकॉन बाहेरून आत वाळतं, चोवीस तासांत दोन-तीन मिमी, आणि 12 मिमी रुंद सांध्याचा मधला भाग सगळ्यात शेवटी. वरून नवीन सिलिकॉनचा लेप देऊन पाहिला, तोही सुटला. शेवटी पाचही काचा वेगळ्या करून, ब्लेडने जुनं खरवडून, परत पहिल्यापासून. म्हणून सात दिवस कमीत कमी, मी आता दहा थांबतो. नाक टँकमध्ये घालून वास घ्या, व्हिनेगर येतोय तोवर पाणी नाही.

गळतीची परीक्षा

आधी एक तृतीयांश भरा, चार तास थांबा. मग दोन तृतीयांश, रात्रभर थांबा. मग पूर्ण. प्रत्येक वेळी खालच्या सांध्यांवरून टिश्यू पेपर फिरवा, डोळ्याला न दिसणारी ओल टिश्यू दाखवतो. पुढच्या काचेवर स्टीलची पट्टी आडवी धरून मध्ये फुगवटा किती आला बघा, अर्धा-एक मिमी ठीक आहे, दोन-तीन दिसला तर पाणी काढा आणि ब्रेसिंग तपासा. पाण्याची पातळी दोन्ही टोकांना वरच्या काठापासून मोजा. दोन-तीन मिमीचा फरक असेल तर पाणी काढून स्टँडच्या पायाखालचं पॅकिंग नीट करा, भरलेल्या टँकखाली पहार घालायची नाही. पूर्ण भरलेला असा आठवडाभर ठेवा, मग रिकामा करून एकदा धुवा.

फिल्टर आणि लाइट जाणं

यावर वेगळं लिहावं लागेल एवढा विषय आहे, पण टँक बनवणाऱ्याला लागतं तेवढं सांगतो. तासाला टँकच्या पाच पट पाणी फिरलं पाहिजे, म्हणजे 2200 लिटरच्या आसपास. सम्प करणार असाल तर लाइट गेल्यावर काय होतं त्याचा हिशोब आधी करा. आपल्या टँकमध्ये पाण्याची एक सेंटीमीटर पातळी म्हणजे साडेआठ लिटर. सम्पमधून पाणी परत वर आणणाऱ्या रिटर्नच्या पाइपचं तोंड तीन सेंटीमीटर पाण्याखाली असेल तर पंप बंद पडल्याबरोबर उलटा सायफन होऊन पंचवीस लिटर पाणी खाली येणार. सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी नसेल तर ते हॉलमध्ये. पाण्याच्या पातळीला लागून पाइपला छोटं भोक पाडलं की हवा शिरून सायफन तुटतो, पण ते भोक शेवाळाने बुजतं, म्हणून जागाही सोडाच. लोडशेडिंगच्या भागात बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा. टँकच्या प्लगला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) हवाच, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळावरून खाली ठिबकतं, सॉकेटमध्ये जात नाही.

पाणी नळाचं असेल तर क्लोरिन काढायला सोडियम थायोसल्फेट, बोअरचं असेल तर आधी हार्डनेस तपासा, आपल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. मासे लगेच नाहीत. फिल्टरमध्ये जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट, टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मग सहा डेनिसन सोडा, आणि महिन्याने आणखी सहा. झाकण पहिल्या दिवसापासून, हे मासे उड्या मारतात.

काच साफ करताना ब्लेड सांध्यापासून एक सेंटीमीटर लांब ठेवा, फिलेटची कड एकदा उचलली गेली की शेवाळ तिच्याखाली घुसतं. दर दिवाळीच्या साफसफाईला टॉर्च घेऊन चारही कोपरे आणि तळाचे सांधे बाहेरून बघतो मी, कुठे पांढुरकी पोकळी दिसली तर मार्करने तिच्या टोकाला खूण करायची आणि पुढच्या महिन्यात ती खुणेच्या पुढे गेली का ते बघायचं. गेली असेल तर मासे दुसऱ्या टबात हलवून सांधा नव्याने करायची वेळ झाली.